जॉयस्टिकच्या पेटीवर थरांचं चित्र: भोकं आधी की चित्र आधी?

करवत
नमस्कार मंडळी. आर्केड स्टिकची, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायच्या जॉयस्टिक-बटणांची, लाकडी पेटी स्वतः करून झाली आहे. घासली, पॉलिश केली, कोपरे जुळले, आनंद आहे. वरचं पॅनेल ४०० × २५० मिमी. बटणांची मांडणी व्ह्यूलिक्स आर्केड कॅबिनेटची, आठ बटणं सानवा कंपनीची ३० मिमीवाली, लिव्हर (जॉयस्टिक) त्यांचाच जेएलएफ.

आता गाडी चित्रावर अडली आहे. रात्रीचं जंगल डोक्यात आहे. सगळ्यात मागे चंद्र, मग धुक्यातली झाडं, मग जवळच्या काळ्या फांद्या आणि सगळ्यात पुढे पंख पसरलेलं घुबड. हे एकामागे एक आहे असं वाटलं पाहिजे, सपाट पोस्टर नको.

दोन मार्ग दिसतात. एक, संगणकावर थर करायचे, सावल्या टाकायच्या आणि एकच कागद छापून वर अ‍ॅक्रिलिक बसवायचं. दुसरा, खरोखरच तीन-चार अ‍ॅक्रिलिकचे पत्रे एकमेकांवर ठेवायचे आणि प्रत्येकावर चित्राचा एक भाग. कुणी दुसरा मार्ग केला आहे का? आणि आठ भोकं पडल्यावर घुबडाचं काय उरतं, हाही प्रश्न आहेच.

भिंगरी
घुबड शोधलं ते बरं केलं. डोळे आधीच बटणांएवढे असतात :)

गेरू
करवत, तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. भोकं आधी, चित्र नंतर. मी पहिली तीन पॅनेलं उलट क्रमाने केली आणि तिन्ही वेळा चांगल्या चित्राचा सगळ्यात चांगला भाग बटणाखाली गेला.

इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये पान मिलिमीटरमध्ये घ्या. पॅनेलची कड, स्क्रूची भोकं, बटणांची आणि लिव्हरची भोकं काढा. मग प्रत्येक बटणाभोवती त्याच्या रिमएवढं दुसरं वर्तुळ काढा, कारण रिम भोकापेक्षा मोठी असते आणि तेवढंही चित्र झाकलं जातं. लिव्हरभोवती डस्ट वॉशर (भोक झाकणारी चकती) फिरतो, त्याचंही वर्तुळ घ्या. हा सगळा आराखडा सगळ्यात वरच्या थरात ठेवून कुलूप लावा. शेवटपर्यंत तो डोळ्यांसमोर राहिला पाहिजे.

आता आणखी एक थर घ्या, हातांचा. खेळायच्या पवित्र्यात पॅनेलवर हात ठेवा, वरून फोटो काढा आणि त्या आकाराला फिकट लाल रंग भरा. डाव्या मनगटाने खालचा डावा भाग जातो, उजव्या तळव्याने बटणांच्या खालची पट्टी जाते. उरतं काय? वरची आडवी पट्टी आणि लिव्हर व बटणांमधली मोकळी जागा. घुबडाचा चेहरा तिथेच. पंख मात्र बटणांखालून खुशाल जाऊ द्या. पिसांचा पोत पुन्हा पुन्हा तोच येतो, म्हणून मधे भोक पडलं तरी डोळा ते आपोआप जोडून घेतो. चेहरा, हात, अक्षरं यांचं तसं होत नाही.

खोलीचं म्हणाल तर संगणकावरही ती सावल्यांपेक्षा आधी उजेड-अंधाराच्या पायऱ्यांतून येते. मागचा थर फिका, निळसर, कमी उठावाचा. पुढचा गडद आणि ठसठशीत कडांचा. चित्र काळं-पांढरं करून लहान करून बघा. चारही थर वेगळे ओळखू आले नाहीत तर कितीही सावल्या टाकल्या तरी उपयोग नाही.

पानगळ
गेरूला +१. काळं-पांढरं करून बघणं मी रोज करते.

भिंगरी
छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा. आधी साध्या कागदावर मूळ मापात छापा, पट्टी लावून ४०० मिमी भरतंय का बघा, कागद कापून प्रत्यक्ष पेटीवर ठेवा. छपाईयंत्राने ९७ टक्के केलेलं चित्र पडद्यावर कधीच कळत नाही. एका टोकाचं बटण जुळतं आणि दुसऱ्या टोकाला १२ मिमीची बोंब.

गेरू
अगदी. आणि चित्राची मापं सुरुवातीलाच नीट घ्या. चारही बाजूंनी ३ मिमी जादा धरलं तर ४०६ × २५६ मिमी. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते ४७९५ × ३०२४ पिक्सेल होतात. छोटं काढून मागाहून ताणू नका.

सांधेजोड
मी दुसरा मार्ग केला आहे. खाली छापलेला कागद, त्यावर २ मिमी अ‍ॅक्रिलिक, त्यावर लेझरने कापलेला काळ्या कार्डाचा आकार, त्यावर पुन्हा २ मिमी, मग आणखी एक आकार आणि सगळ्यात वर ३ मिमी. करवत, एकदा बघाल तर कागदावरच्या सावल्यांकडे परत जाणार नाही. मान हलवली की फांद्या चंद्रावरून सरकतात. ती मजा छपाईत येत नाही म्हणजे नाहीच. खरे थर करा.

चिमटा
सांधेजोड, तुझी पेटी मी हातात घेतली आहे आणि ती सुंदर आहे, पण तू खालून नटाने आवळायची स्क्रूची बटणं वापरली होतीस हे सांगायला विसरलास. करवत यांनी सानवा लिहिलंय. त्यांची ओबीएसएफ-३० जातीची असतील तर त्यांना दोन बाजूंनी प्लास्टिकचे कान असतात आणि ते पातळ पॅनेललाच पकडतात. ७ मिमी अ‍ॅक्रिलिक आणि खाली लाकूड म्हटल्यावर कान उघडायला जागाच नाही. बटण नुसतं भोकात बसून राहील आणि दाबता दाबता वर येईल.

दुसरं लिव्हरचं. तो खालून बसतो. पॅनेल ७ मिमीने जाड झालं की दांडा ७ मिमीने आखूड झाला. बॉलटॉप (दांड्यावरचा गोळा) पॅनेलला टेकल्यासारखा वाटतो आणि हातात धरायची सवय सगळी मोडते.

सांधेजोड
लिव्हरला उपाय आहे. लाकडाला खालच्या बाजूने राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) खळगा करायचा म्हणजे लिव्हरची प्लेट तेवढीच वर येते. बटणांसाठी वरच्या ३ मिमी पत्र्यालाच ३० मिमीची भोकं ठेवायची आणि खालच्या सगळ्या थरांत ती ३६ मिमीची करायची. कान वरच्या पत्र्याला पकडतील, खालचे थर फक्त बाजूने राहतील.

चिमटा
गणित करून बघ. व्ह्यूलिक्समध्ये शेजारच्या दोन बटणांच्या मध्यांमधलं आडवं अंतर ३६ मिमी आहे. ३६ ची भोकं पाडलीस तर दोन भोकांमधली भिंत शून्य. ३४ ची पाडलीस तर २ मिमीची काडी उरते, ती लेझरवरून उचलतानाच तुटेल.

सांधेजोड
मान्य. हे खरंच लक्षात आलं नव्हतं, माझ्या मांडणीत सहाच बटणं होती आणि अंतर जास्त होतं.

धुळाक्षर
खऱ्या थरांबद्दल आणखी काही गोष्टी, चुकून शिकलेल्या.

दोन गुळगुळीत चकचकीत पत्रे एकमेकांवर घट्ट दाबले की मधे ओलसर डागांसारखे पट्टे दिसतात. पाणी गेलंय असं वाटून मी दोनदा पेटी उघडली. पाणी नव्हतंच, पत्रे काही ठिकाणी चिकटत होते आणि काही ठिकाणी नाही. कार्डाच्या जाडीएवढी फट राहिली किंवा एका बाजूला मॅट फिल्म असली की हे जातं.

अ‍ॅक्रिलिकवर स्थिर वीज बसते आणि ते धूळ ओढून घेतं. संरक्षक कागद दोन्ही बाजूंनी शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. थर जितके जास्त तितक्या धुळीच्या जागा जास्त. सहा पृष्ठभाग म्हणजे सहा वेळा फुंकर.

आणि सगळ्यात महागात पडलेलं: लेझरने कापलेली अ‍ॅक्रिलिकची कड अल्कोहोलने पुसू नका. कापताना कडेत ताण राहतो आणि अल्कोहोल लागलं की बारीक तडे जातात. माझ्या पॅनेलच्या आठही भोकांभोवती कोळ्याचं जाळं उमटलं. अर्ध्या मिनिटाच्या पुसण्यात महिन्याचं काम गेलं. साबणाचं पाणी आणि मऊ कापड, बस.

व्हिनाइल लेझरखाली घालायचा मोह झाला तरी घालू नका. पीव्हीसीतून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, माणसालाही वाईट आणि यंत्रालाही.

अर्धापान
थर किती खोल दिसतात त्याचा हिशोब देतो, मला यात रस आहे म्हणून.

अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, साधारण १.४९. म्हणजे वरून सरळ बघितलं तर ३ मिमीचा पत्रा डोळ्याला २ मिमीचा वाटतो. मधे नुसती हवा ठेवली तर ३ मिमी हे ३ मिमीच दिसतात. खोली हवी असेल तर जाड पत्र्यापेक्षा कडेने आधार देऊन सोडलेली पोकळी जास्त देते, आणि वजनही वाढत नाही.

आता तिरकं बघण्याचं. पेटी मांडीवर असताना आपण सरळ वरून बघत नाही. सरळ वरच्या दिशेपासून ४५ अंश कलून बघितलं तर ३ मिमी अ‍ॅक्रिलिकखालचं चित्र वरच्या कडेच्या तुलनेत १.६ मिमी सरकतं. ६० अंशांतून २.१ मिमी. कितीही तिरकं बघा, ३ मिमी पत्र्यात ही सरक सुमारे २.७ मिमीच्या पुढे जात नाही, कारण आत शिरलेला किरण ४२ अंशांपेक्षा जास्त कलू शकत नाही. पोकळीला मात्र अशी मर्यादा नाही.

गेरू
अर्धापान, हा आकडा मला हवाच होता! मी आजवर अंदाजाने ५ मिमी ठेवत होते.

करवत, याचा चित्रावर थेट परिणाम होतो. मागचा थर पुढच्याच्या कडेपाशी थांबवायचा नाही, तो त्याच्याखाली आणखी रंगवत न्यायचा. अ‍ॅक्रिलिक असेल तर दर ३ मिमीला ३ मिमी पुरेल, पोकळी असेल तर दुप्पट धरा. नाहीतर बाजूने बघितल्यावर फांदीमागे पांढरी कड डोकावते आणि सगळी जादू तिथेच संपते. कापलेल्या कागदाची जाडीसुद्धा पांढरी दिसते, ती काळ्या मार्करने कडेकडेने रंगवून घ्या.

आणि खरे थर करणार असाल तर छापलेल्या सावल्या काढून टाका. खरी सावली पडतेच, दिव्याप्रमाणे दिशा बदलते. तिच्या शेजारी छापलेली सावली दुसरीकडेच पडलेली असते. डोळ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं.

मधली_ओळ
अवांतर आहे, पण राहवत नाही. थरांचं चित्र ही आर्केडची फार जुनी गोष्ट आहे. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्सच्या उभ्या कॅबिनेटमध्ये पडदा थेट दिसायचाच नाही. त्याचं प्रतिबिंब अर्धपारदर्शक आरशात पडायचं आणि आरशामागे चंद्राच्या पृष्ठभागाचं रंगवलेलं दृश्य काळ्या दिव्याखाली (अतिनील प्रकाशाच्या ब्लॅकलाइटखाली) चमकत असायचं. एलियन त्या चंद्रावर तरंगताहेत असं वाटायचं. खेळ मुळात काळा-पांढरा, पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावून हिरवा-नारिंगी केलेला. म्हणजे पट्टी, प्रतिबिंब आणि मागचं चित्र, तीन थर. १९८१ च्या अ‍ॅस्टेरॉइड्स डिलक्समध्येही हीच आरशाची युक्ती आहे.

करवत यांचा चंद्र वाचला आणि हेच आठवलं. त्या कॅबिनेटांवर काम करणाऱ्यांना मागच्या चित्राची जागा पुढे काय हलणार आहे ते बघून ठरवावी लागली असणार. गेरू हातांचा थर काढायला सांगताहेत तो विचार याच जातीचा आहे.

भिंगरी
अवांतर कसलं, धाग्यातला सगळ्यात आवडता प्रतिसाद. त्या चंद्राचा फोटो शोधून बघते आता.

उंबरठा
मी थोडं वेगळं मत मांडतो. खेळताना नजर पडद्यावर असते. पॅनेल दिसतं ते दोन खेळांच्या मधे. त्यासाठी लिव्हर आखूड करायचा, बटणं सैल करायची, पेटी जड करायची हे मला पटत नाही. नीट छापलेला एक कागद, वर २ मिमी अ‍ॅक्रिलिक. हाताला स्टिक आधी चांगली लागली पाहिजे. माझ्या तीन पेट्या अशाच आहेत आणि तिन्ही रोज वापरात आहेत. गेल्या वर्षी चित्राचा कंटाळा आला तेव्हा दहा स्क्रू काढून नवा कागद घातला, अर्ध्या तासात नवी पेटी.

सांधेजोड
उंबरठा, चित्र बदलता येणं हा मुद्दा जबरदस्त आहे, तो मान्य. पण पेटी टेबलावर असते तेव्हाही ती आपलीच असते ना. मी माझी कधीकधी नुसती दिव्याखाली फिरवत बसतो.

पानगळ
मी लोकांसाठी चित्रं काढते, म्हणून चित्रकाराच्या बाजूने लिहिते. पॅनेलसाठी चित्र काढून घेताना पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगा: भोकांचा आराखडा, थर किती, आणि थर खरोखर कापले जाणार आहेत का. मला नंतर कळलं की मला झाडांचे लपलेले भाग, घुबडामागचं आकाश, सगळं नव्याने रंगवावं लागतं. ते दुप्पट काम आहे आणि घाईत केलं की कळतं. सुरुवातीलाच कळलं तर मी प्रत्येक थर पूर्ण काढते.

दुसऱ्याचं चित्र जाळ्यावरून उचलून छापू नका, अगदी एकाच पेटीसाठी असलं तरी विचारा. बहुतेक चित्रकारांना आपलं चित्र कुणाच्या हाताखाली रोज असणार हे ऐकूनच आनंद होतो. मी तरी अशा माणसाला मूळ थरांची फाइल देऊन टाकते.

करवत
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं, वहीत उतरवलं.

चिमटा, बटणं कानाचीच आहेत, बदलणार नाही. हिशोब बघून एक सुचलं. खालच्या थरांत बटणांसाठी वेगवेगळी भोकं ठेवायचीच नाहीत. आठही बटणांचा मिळून एकच मोठा आकार कापून काढायचा. बटणं फक्त वरच्या पत्र्यावर. चालेल?

चिमटा
चालेल, पण तेवढा पत्रा अधांतरी राहील आणि बटणं जोरात दाबली की लवेल. वरचा पत्रा ३ मिमीपेक्षा पातळ करू नका आणि मोकळ्या आकाराच्या कडेला, बटणांच्या अगदी जवळ, लाकडाचा आधार येऊ द्या. तिथे खालचे थर नसल्यामुळे चित्राची खोलीही नसेल, हे लक्षात ठेवून रेखाटा.

गेरू
उलट छान आहे! बटणांचा सगळा भाग वरच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला गडद छापा. तोच घुबडाचा पंख. बटणं पंखात बसतील. आणि लिव्हर व बटणांच्या मधे, तसंच वरच्या पट्टीत, पत्रा पारदर्शक सोडा. त्या दोन खिडक्यांतूनच जंगल आत दिसेल. खोली सगळीकडे लागत नाही, जिथे डोळा थांबतो तिथे लागते.

करवत
हे वाचून उठून उभा राहिलो. हेच करतो. मागच्या बाजूला छापायचं तर काही वेगळं करावं लागतं का?

धुळाक्षर
चित्र आरशातल्यासारखं उलटं करून द्या. पारदर्शक पत्र्यावर शाई स्वतःही अर्धपारदर्शक असते, म्हणून पांढऱ्या शाईचा आधार लागतो. समोरून बघायचं असल्याने मागच्या बाजूला आधी रंग आणि त्यावर पांढरा, असा क्रम. पांढऱ्यासाठी फाइलमध्ये वेगळा थर करा आणि त्याला तसं नाव द्या, म्हणजे छापणाऱ्याला विचारावं लागणार नाही. पांढऱ्याची कड रंगाच्या कडेपेक्षा जराशी आत ठेवा, नाहीतर पंखाभोवती पांढरी रेघ दिसेल.

घुबडाच्या डोळ्यांत पांढरा गाळलात आणि मागे छोटा एलईडी ठेवलात तर डोळे चमकतील. हे नुसतं सुचवतो.

भिंगरी
नुसतं सुचवू नका, करायलाच लावा!

चिमटा
स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा १ मिमी मोठी ठेवा. ४०० मिमीचा अ‍ॅक्रिलिक पत्रा तापमान २० अंशांनी बदललं की अर्ध्या मिमीहून थोडा जास्त लांबतो. लाकूडही दमट हवेत फुगतं. दोघांना जागा हवी. स्क्रू हाताने आवळा, ड्रिलने नाही.

करवत
सात आठवड्यांनी परत आलो आहे. पेटी झाली.

शेवटी तीनच थर ठेवले. तळाला कागदावर चंद्र आणि धुकं, त्यावर ४ मिमीची पोकळी, मग काळ्या कार्डातली झाडं, आणि वर ३ मिमी पत्रा ज्याच्या मागे घुबड छापलं आहे. चौथा थर, जवळच्या फांद्या, कागदाच्या नमुन्यावर करून बघितला आणि काढून टाकला. खिडकीत एवढी गर्दी झाली की चंद्रच हरवला.

अर्धापान, पोकळीबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. झाडांच्या खाली चंद्राचा कागद ८ मिमी जादा नेला, कुठूनही पांढरं दिसत नाही. गेरू, सावल्या सगळ्या काढल्या. संध्याकाळी टेबलदिवा डावीकडून लावला की झाडांची सावली चंद्रावर पडते, आणि दिवा सरकवला की तीही सरकते. मी ती छापणार होतो हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

एक चूक झाली. लिव्हरसाठी लाकडात खळगा केला तो २ मिमी कमी पडला. पुन्हा सगळं उघडून करावा लागला. त्या वेळी धूळ गेली आणि चंद्राच्या उजव्या कडेवर एक कण अडकला आहे. ठरवून तसाच ठेवला नाही, पुढच्या वेळी उघडेन तेव्हा काढणार आहे.

उंबरठा, तळाचा कागद बदलता येईल असा बसवला आहे, तुमच्यामुळे. पुढच्या वेळी चंद्राच्या जागी पहाट घालायचा विचार आहे.

उंबरठा
पहाट होईल तेव्हा इथेच कळवा. आणि मला त्या खिडक्यांची मापं द्याल का? चौथ्या पेटीचं लाकूड कापून पडलं आहे.

करवत
मधली खिडकी ७० × १२० मिमी, वरची ३३० × ३५ मिमी. आराखड्याची फाइल पाठवतो. फक्त लिव्हरचं भोक तुमच्या पेटीवर आधी मोजून घ्या.